दिवाळखोरीचा अर्ज करायला किती पडतील? सांगलीच्या विधी सेवा प्राधिकरणाला आणि वकील संघटनांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सांगली
तसेच सांगली जिल्ह्यातील सर्व वकील संघटनांचे मा. अध्यक्ष

विषय : कर्जबाजारी पक्षकाराला वकिलाच्या फीचा टप्पेवार, लेखी तपशील मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

कर्जात बुडालेला माणूस विजयनगरच्या न्यायालयाच्या आवारात पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो : दिवाळखोरी जाहीर करायला किती पडतील? चार ठिकाणी विचारले की चार आकडे कानावर येतात. कोणी दहा हजार सांगतो, कोणी पंचेचाळीस, कोणी म्हणतो आधी कागद आणा, मग बघू. माणूस आधीच पैशाने पिचलेला, तो सगळ्यात लहान आकडा धरतो. पुढे दोन-तीन वर्षांनी हिशेब करतो तेव्हा तो आकडा सगळ्यात मोठा झालेला असतो. यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही. चार आकडे चार निरनिराळ्या कामांचे होते, आणि ते कोणी कोणाला सांगितले नव्हते, एवढेच.

हे पत्र लिहिणारे आम्ही वसुलीच्या आणि नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, कामात दोन्ही बाजूंनी वावरतो. आमच्यात दिवाणी वकील आहेत, कर सल्लागार आहेत, मार्केट यार्डात खाती लिहिणारे आहेत. आमची मागणी छोटी आहे आणि ती शेवटी मांडली आहे. ती का करावी लागते, हे मात्र कामाच्या तपशिलात गेल्याशिवाय कळणार नाही.

फी ठरवण्याआधी दार ठरवावे लागते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे नाव एवढे गाजले, की कोणालाही वाटते आपलेही काम त्याच कायद्याने होणार. पण त्या संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीचा तिसरा भाग आजवर एकाच गटाला लागू झाला आहे : कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेले लोक, तेही १ डिसेंबर २०१९ पासून. तासगावचा बेदाणा व्यापारी, विट्याचा यंत्रमागवाला, सांगलीचा हळदीचा अडत्या, पगारदार शिक्षक, या सगळ्यांना अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. संहितेच्या कलम २४३ मध्ये तो रद्द करण्याची तरतूद आहे, पण ते कलमच अमलात आलेले नाही. शंभरी ओलांडलेल्या या कायद्यात कर्जदाराने स्वतः अर्ज करण्यासाठी किमान कर्ज ५०० रुपये आहे. ५०० रुपयांत आज कोर्टाबाहेर चौघांचा नाश्ता होतो.

उलट कुपवाडच्या एमआयडीसीतला कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर काम मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाते. तिथे थकबाकी किमान १ कोटी लागते. मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती, आणि जुन्या माहितीवर विसंबून सल्ला देणारे अजून भेटतात. कंपनी स्वतः अर्ज करणार असेल तर नुसती अर्जाची फी २५ हजार रुपये, वकील आणि व्यावसायिकाचा खर्च निराळा.

बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, घरावर ताब्याची नोटीस डकवली असेल, तर त्या माणसाला आज दिवाळखोरीचा वकील नकोच आहे. त्याला ४५ दिवसांच्या आत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाणारा वकील हवा. आधीची ६० दिवसांची नोटीस हातात असताना आला असता, तर बँकेकडे लेखी हरकत घेता आली असती आणि बँकेला १५ दिवसांत तिचे उत्तर द्यावे लागले असते. हे काम जवळजवळ बिनखर्चाचे आहे, आणि तेच बहुतेकांचे राहून जाते. सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये तो वाद संपवला : लागतो. शेतजमिनीवर मात्र या कायद्याने हात टाकता येत नाही.

पतसंस्थेचे प्रकरण आणखी वेगळे. ती दिवाणी कोर्टात जात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज, करायचे तर वसुलीयोग्य रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. म्हणून दाखला निघण्यापूर्वीच्या सुनावणीला हजर राहणे हाच तिथला स्वस्त उपाय. आणि बिनपरवाना सावकार असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, त्याला वकील लागतोच असे नाही. मागच्या १५ वर्षांत अशा व्यवहारातून सावकाराच्या नावे गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे.

सांगायचे ते हे की, पहिल्या भेटीत कर्जाची यादी पाच खणांत वाटून मागणारा वकील बघावा : तारण असलेले बँकेचे, पतसंस्थेचे, सावकाराचे, हातउसने आणि व्यापारी देणी, आणि सरकारी देणी. हे न विचारता फीचा आकडा सांगणारा वकील कशाची फी सांगतो आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

आता खुद्द १९२० च्या कायद्याखालच्या अर्जाकडे येऊ. इथे फी टप्प्याटप्प्याने कशी फुटते ते जवळून बघावे लागते.

पहिला टप्पा अर्जाची जुळणी. कलम १३ प्रमाणे अर्जात प्रत्येक धनकोचे, म्हणजे ज्याचे देणे आहे त्याचे, नाव, राहण्याचा पत्ता आणि रक्कम लागते. आपल्या मालकीची सगळी मिळकत, तिची किंमत, ती कुठे आहे, हिशेबाच्या वह्या कुठे आहेत, पूर्वी कधी असा अर्ज केला होता का, हेही लागते. शिवाय, कायद्याने जप्तीतून वगळलेली सोडून बाकी मिळकत कोर्टाच्या ताब्यात द्यायला तयार आहोत, हे लिहून द्यावे लागते. वगळलेले काय, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. मंगळसूत्र जाईल या भीतीने कित्येक घरांत हा अर्ज करायचे धाडस होत नाही, आणि तेवढे एक वाक्य कोणी सांगत नाही.

या टप्प्यात सगळ्यात जास्त चुकते ते धनकोंच्या यादीत. मेहुण्याकडून घेतलेले दोन लाख लाजेखातर लिहायचे नाहीत, आणि एखाद्या पतसंस्थेत जामीनदार म्हणून केलेली सही विसरायची. पुढे ते उघड झाले की धनकोंचा वकील एकच शब्द धरून बसतो : लपवाछपवी. हेतुपुरस्सर लपवल्याचे सिद्ध झाले तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून जो वकील यादी करताना पासबुके, सातबाऱ्यावरचे बोजे, सिबिलचा अहवाल आणि चेकबुकाची अर्धुके घेऊन बसतो, त्याची या टप्प्याची फी जास्त असली तरी ती द्यावी. जो टायपिस्टला जुना मसुदा देऊन नावे बदलायला सांगतो, त्याला हजार रुपयेही जास्तच.

अर्ज कुठे दाखल होणार, हे याच वेळी लेखी विचारावे. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा, पण राज्य सरकार तो दुय्यम न्यायालयालाही देऊ शकते. शिवाय अर्जदार नेहमी राहतो किंवा धंदा करतो त्याच भागातल्या कोर्टात तो करावा लागतो. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, पंचवीस वर्षे तमिळनाडूत किंवा केरळात दुकान चालवतात, घर गावी असते. त्यांचा अर्ज इथे चालेल की तिथे, हा प्रश्न पहिल्याच तारखेला उभा राहतो. त्याचे उत्तर वकिलाकडे नसेल तर सगळी जुळणी पुन्हा करायची वेळ येते.

दुसरा टप्पा नोटिसांचा. हा खर्च वकिलावर नाही, धनकोंच्या संख्येवर ठरतो. १४ धनको आणि ४० पानांचा अर्ज असेल तर नुसत्या त्यांच्या प्रतींची ५६० पाने होतात. पानाला २ रुपये धरले तर १,१२० रुपये, वर पोस्ट, नोटीस बजावण्याची प्रोसेस फी आणि पत्ता चुकून परत आलेल्या नोटिशीसाठी पुन्हा तेच. एखादा धनको सापडत नसेल तर वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च. 'किरकोळ खर्च वेगळा' या तीन शब्दांत हे सगळे बसते. कोर्ट फी मात्र शासनाची असते, ती वकिलागणिक बदलत नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या कोर्ट फी सांगितल्या तर निदान दोघे चुकत आहेत. फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्यावी.

तिसरा टप्पा संरक्षणाचा, आणि याच्याविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहे. अर्ज दाखल केला की वसुली आपोआप थांबते, असे लोकांना वाटते. या कायद्यात तसे नाही. नादार ठरवल्याचा आदेश झाल्यानंतरच धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा करता येत नाही आणि मिळकतीमागे लागता येत नाही. अटकेपासून संरक्षणासाठी कलम ३१ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीत, मिळकत आधीच कोर्टाच्या ताब्यात असेल, तर नादारीचा अर्ज दाखल करून घेतल्याची सूचना विक्रीपूर्वी त्या कोर्टाला द्यावी लागते, म्हणजे मिळकत रिसीव्हरकडे, कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे, जाते. हे सगळे निरनिराळे अर्ज आहेत. फीमध्ये ते धरले आहेत का, हे विचारलेच पाहिजे.

पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे पैसे देण्याच्या कोर्टाच्या निर्णयापायी, दिवाणी तुरुंगात जाण्याची भीती दाखवून घाईने फी काढणारेही असतात. त्यांच्यासाठी एवढे पुरे : पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. नुसते फेडता येत नाही म्हणून कैद करता येणार नाही, ऐपत असून बुडवण्याचा हेतू दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. आणि अटक झालीच, तर महिन्याच्या आत नादारीचा अर्ज करीन असा जामीन देऊन सुटता येते.

चौथा टप्पा नादार ठरवल्याचा आदेश आणि रिसीव्हर. मिळकत कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. याच टप्प्यात मागचे व्यवहार खणून काढले जातात. अर्ज करण्यापूर्वी घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून टाका, असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. त्याची किंमत नंतर कळते. माणूस नादार ठरला, आणि तो व्यवहार नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतला असला, तर रिसीव्हर तो रद्द करून घेऊ शकतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत इतरांना डावलून एकाच धनकोला झुकते माप दिले असेल, म्हणजे बाकी सगळे थकवून साडूचे हातउसने फेडले असतील, तर तेही रद्द होऊ शकते. कोणी वकील असा सल्ला स्वतःहून देऊ लागला तर फीची चौकशी तिथेच थांबवावी.

पाचवा टप्पा डिस्चार्जचा, म्हणजे कर्जातून मुक्त झाल्याच्या आदेशाचा. हे पत्र मुळात त्याच्यासाठी लिहिले आहे.

नादार ठरवताना कोर्ट एक मुदत घालून देते. त्या मुदतीत डिस्चार्जसाठी अर्ज करायचा असतो. केला नाही, तर नादार ठरवल्याचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे. त्यावर पुन्हा नादारीचा अर्ज करायचा तर कोर्टाची खास परवानगी लागते. म्हणजे दोन-तीन वर्षांची धावपळ आणि सगळी फी पाण्यात. पक्षकाराला वाटते, आदेश झाला, आपण सुटलो. वकिलाला वाटते, आपली फी आदेशापर्यंतची होती, पक्षकार पुन्हा आलाच नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, आणि मधल्या मधे मुदत उलटते. मुदत वाढवून मागता येते, पण मुदत होती हेच ज्याला माहीत नाही तो वाढवून काय मागणार? नादार ठरून डिस्चार्ज न झालेल्या माणसाला स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. आपली स्थिती न सांगता त्याने ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो. म्हणजे अर्धवट सोडलेले काम हे न केलेल्या कामापेक्षा वाईट.

डिस्चार्ज मिळणे हक्काचेही नाही. तारण नसलेल्या कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही मिळकतीतून निघत नसतील आणि त्याला आपली चूक कारण नाही हे दाखवता आले नाही, धंद्याच्या वह्या नीट ठेवल्या नसतील, फेडायची आशा नसताना कर्ज घेतले असेल, तर कोर्ट पूर्ण मुक्तता नाकारते. द्राक्ष अवकाळीत गेले, पुरात गोदाम बुडाले, याचे पंचनामे, विम्याचे कागद आणि बाजार समितीच्या पट्ट्या पहिल्या दिवसापासून जपाव्या लागतात, त्या याच प्रश्नासाठी. आणि डिस्चार्ज मिळाला तरी सरकारची देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी सुटत नाही. जामीनदार सुटत नाही. तारण असलेली बँक आपले तारण विकू शकते. चेक न वटल्याची फौजदारी केस चालूच राहते, आणि तिथे वकिलाची फी बहुधा प्रत्येक चेकमागे वेगळी असते. हे पहिल्या भेटीत ऐकवणारा वकील पक्षकाराला निराश करतो खरा, पण त्याच्याकडेच काम द्यावे.

आता तुलना करू. खालचे आकडे नुसती बेरीज दाखवायला घेतले आहेत, ते सांगलीचे दर नव्हेत. समजा, पहिला वकील नादार ठरवल्याच्या आदेशापर्यंत १८ हजार म्हणतो. दुसरा डिस्चार्जपर्यंत सगळे मिळून ४५ हजार. तिसरा १० हजार आणि दर तारखेला ७००. ऐकताना तिसरा स्वस्त. पण काम ३६ तारखा चालले तर त्याचे १०,००० अधिक २५,२०० असे ३५,२०० होतात. पहिल्याने पुढे संरक्षणाच्या अर्जाचे ५ हजार आणि डिस्चार्जचे १५ हजार घेतले तर ३८ हजार. दहा आणि पंचेचाळीस यांतले अंतर आता दहा हजारांवर आले. त्यात तिसऱ्याला आणखी एक प्रश्न विचारायचा : ज्या दिवशी काम चालले नाही, न्यायाधीश रजेवर होते, समोरच्याने मुदत घेतली, त्या तारखेचेही ७०० का? निम्म्या तारखा अशा निघाल्या आणि त्यांचे पैसे नाहीत असे ठरले, तर तोच वकील २२,६०० वर येतो. एका प्रश्नात साडेबारा हजार. कोणती तारीख वाया गेली, हे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरच्या रोजनाम्यात पक्षकाराला घरबसल्या दिसते, त्यामुळे भांडायचे कारण राहत नाही.

टक्केवारीने किंवा 'काम झाले तर द्या' या बोलीवर फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. 'सुटलेल्या कर्जाच्या पाच टक्के' असे म्हणणारा एक तर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे. बिलात जीएसटी लावला असेल तर का लावला ते विचारावे. वैयक्तिक पक्षकाराला दिलेल्या वकिलाच्या सेवेवर तो नाही, आणि मोठ्या उलाढालीच्या धंद्याला लागला तरी तो सेवा घेणाऱ्याने थेट भरायचा असतो, वकिलाने गोळा करायचा नसतो. फी राहिली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हा निकाल मे २०२४ चा. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडेच करावी लागते. फीचा वाद पुढे मिटवायला सोपी जागा नाही, म्हणून तो आधीच कागदावर मिटलेला बरा.

वकील शोधण्यात सांगलीची एक खास अडचण आहे. दिवाणी काम चांगले करणारे बहुतेक वकील कुठल्या ना कुठल्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पॅनेलवर असतात. १४ धनको असलेल्या माणसाने सगळी थैली टेबलावर रिकामी केली, आणि मग कळले की समोरचे वकील त्यांतल्याच एका संस्थेचे काम बघतात, तर दोघांचीही पंचाईत होते. म्हणून पहिल्या फोनवर फक्त धनकोंची नावे सांगावीत, रकमा आणि मिळकती नंतर. 'यांच्यापैकी कोणाचे काम आपण बघता का?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. उलट चांगला वकील तो स्वतःच आधी विचारतो.

अनुभव तपासायलाही कोणाच्या शिफारशीवर अडून राहायला नको. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, सांगली आणि न्यायालयाचे संकुल निवडून वकिलाच्या नावाने शोधता येते, आणि कायद्याच्या नावानेही. प्रांतिक नादारी कायदा निवडला की चालू आणि निकाली प्रकरणे समोर येतात. त्यांत डिस्चार्जपर्यंत गेलेली किती आणि हजर न राहिल्याने निकाली निघालेली किती, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. यादी लांबलचक असेल अशी अपेक्षा ठेवू नये. हे काम करणारे थोडेच असतात, आणि एखाद्याने या कायद्याखाली दोन प्रकरणे शेवटपर्यंत नेली असतील तरी तो अनुभवीच म्हणायचा. अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सांगली त्याच्या कक्षेत आहे. तरी जुन्या सवयीने फीमध्ये मुंबईचा प्रवास धरलेला दिसला तर तो काढायला सांगावा.

फुकट वकिलाचा मार्ग मात्र लोकांना सगळ्यात कमी ठाऊक आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्यांना विधी सेवा मिळते, हे काहींना माहीत असते. पण १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. आणि त्याच कलमात पूर आणि दुष्काळ यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांचाही समावेश आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दुकान धुऊन गेलेला सांगलीवाडीचा माणूस, किंवा जतचा दुष्काळात होरपळलेला पशुपालक, या कलमात बसू शकतो. पंचनाम्याची नक्कल जोडून अर्ज करावा. कोर्ट फी, प्रोसेस फी, कागदपत्रांचा खर्चही या सेवेत येतो. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडे वेगळे पैसे मागायचे नसतात. १५१०० हा क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतो.

ही माहिती वेळेवर पोचली नाही की माणूस आगीतून फुफाट्यात जातो. 'कर्ज सेटलमेंट करून देतो, हप्ते भरणे बंद करा, आम्हाला दरमहा एवढे द्या' असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाईलवर सतत फिरतात. 'कर्जमाफीचे प्रमाणपत्र' विकणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. हे लोक वकीलपत्र घेत नाहीत आणि कोर्टात उभे राहत नाहीत. पैसे मात्र आगाऊ घेतात. पक्षकार त्यांच्याकडे जातो याचे कारण साधे आहे : त्यांचा आकडा छापलेला असतो.

म्हणून आमची मागणी. विधी सेवा प्राधिकरणाच्या मदत कक्षात आणि प्रत्येक तालुक्याच्या वकील कक्षात एक पानी कोरे फी-पत्रक ठेवावे. त्यात वर सांगितलेले पाच टप्पे असावेत आणि प्रत्येकापुढे तीन रकाने : वकिलाची फी, प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज, आणि हा टप्पा फीमध्ये धरला आहे की नाही. खाली चार ओळी : तारखेमागे फी आहे का आणि वाया गेलेल्या तारखेची आहे का, या धनकोंपैकी कोणाचे काम आपण पाहता का, अर्ज कोणत्या न्यायालयात दाखल होणार, आणि डिस्चार्जच्या अर्जाची मुदत पक्षकाराला लेखी कळवण्याची जबाबदारी कोणाची. शेवटी सनद क्रमांक, सही, तारीख.

यावर येणारी हरकत आम्हाला माहीत आहे : वकिलाने जाहिरात करायची नसते. बरोबर आहे, आणि आम्हाला कोणाचे दरपत्रक भिंतीवर लावलेले नको आहे. हे पत्रक कोरेच राहील. पक्षकार ते घेऊन वकिलाकडे जाईल आणि दोघांच्या बैठकीत ते भरले जाईल. बार कौन्सिलच्या नियमानेही २००८ पासून वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र देता येते. तेव्हा नादारीचे काम कोण घेते, एवढी यादी मदत कक्षात ठेवायला अडचण नसावी. यादीत कर्जदाराच्या बाजूने काम घेणारे वकील निराळे दाखवले तर पॅनेलची पंचाईतही टळेल.

दुसरी हरकत अशी येईल, की दिवाणी कामाचे काय सांगावे, किती चालेल कोणास ठाऊक. तेही खरे. म्हणून तर टप्पे. घर बांधणारा गवंडीसुद्धा पाया, जोते आणि स्लॅब वेगवेगळे सांगतो, आणि जमिनीत खडक लागला तर काय, तेही आधी बोलून घेतो.

पत्रकाचा मसुदा आम्ही या पत्रासोबत जोडला आहे. तो मराठीत आहे, एका पानात बसतो, आणि त्यात बदल सुचवायला प्रत्येक तालुक्याच्या वकील संघटनेला पंधरा दिवस पुरतील असे वाटते. पुढच्या लोकअदालतीच्या आधी तो कक्षात ठेवता आला तर उत्तम, कारण त्या दिवशी थकबाकीदार माणूस आवारात आपण होऊन आलेला असतो.

आपले,
सांगली जिल्ह्यातील काही वकील, कर सल्लागार आणि हिशेबनीस